रग्बी युनियन : व्यावसायिक कारकीर्द

क्लबशी अथवा राष्ट्रीय संघटनेशी करार करून, वेतनावर पंधरा जणांचा रग्बी खेळण्याचा पेशा. ऑगस्ट १९९५ च्या अखेरीस पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय नियामक मंडळाने हौशीपणाचे बंधन उठवले, तेव्हापासून तो अधिकृत मानला जातो.

पैशाचा वाद मात्र त्याहून शंभर वर्षे जुना. उत्तर इंग्लंडमधील गिरणी व खाणकामगारांना शनिवारच्या सामन्यासाठी मजुरी बुडवावी लागे. ती भरून द्यावी, हा यॉर्कशरचा ठराव १८९३ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या लंडनमधील सभेने २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली. तिचेच पुढे तेरा जणांचे रग्बी लीग झाले. या फुटीमागे काही अभ्यासक वर्गभेद पाहतात, काही तिकिटांच्या वाढत्या उत्पन्नावरील ताब्याचा झगडा. मागणी पगाराची नव्हे, बुडालेल्या मजुरीची होती, हे ध्यानात घेता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

युनियनमध्ये त्यानंतर पैसा फिरतच नव्हता, असे नाही. वेल्समध्ये सामन्यानंतर खेळाडूंच्या बुटांत नोटा सापडत, असे सर्रास बोलले जाई. ब्रिटिश संघांनी १९३१ मध्ये फ्रान्सशी संबंध तोडले, त्यामागेही छुप्या वेतनाचा आरोप होता. लीगकडे गेलेल्याला परतीची वाट बंद असे. १९८९ मध्ये विडनेस या लीग क्लबकडे गेलेले वेल्सचे जोनाथन डेव्हिस कार्डिफ क्लबकडून पुन्हा युनियन खेळले, ते बंदी उठल्यावर १९९५ मध्येच. बंदी उठण्याचे श्रेय मंडळाच्या दूरदृष्टीला देणे धाडसाचे ठरेल. त्याच वर्षी न्यूज कॉर्पोरेशन या माध्यम कंपनीने दक्षिण गोलार्धातील संघटनांशी दहा वर्षांचा, सुमारे ५५ कोटी अमेरिकी डॉलरचा प्रक्षेपण करार केला होता आणि एक प्रतिस्पर्धी योजना खेळाडूंना थेट करारबद्ध करू पाहत होती.

कारकिर्दीची लांबी बऱ्याच अंशी खेळाडूच्या मैदानावरील जागेवर ठरते. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू, वेगावर जगतो. प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू वाकून एकमेकांना रेटतात ती झुंज) पहिल्या रांगेतील कडेचा खेळाडू, उशिरा पिकतो. तीन क्रमांकाचा प्रॉप स्क्रममध्ये प्रतिस्पर्धी हूकर (पहिल्या रांगेतील मधला खेळाडू) आणि प्रॉप यांच्यामध्ये डोके घालतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही खांद्यांवर रेटा येतो. एक क्रमांकाच्या प्रॉपचा बाहेरचा खांदा मोकळा राहतो. भिडतानाचा आघात कमी व्हावा म्हणून २०१३ पासून दोन्ही बाजूंच्या प्रॉपनी आधी एकमेकांना धरायचे व मगच भिडायचे, असा क्रम आहे. लॉक, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतील खेळाडू, असलेले वेल्सचे अलन विन जोन्स ब्रिटिश व आयरिश लायन्स या संयुक्त संघाकडील सामने धरून १७० कसोटी (आंतरराष्ट्रीय सामने) खेळले. इतकी मजल अपवादानेच गाठली जाते. डोक्याला मार लागल्याचा संशय आल्यास खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढले जाते. दुसऱ्या देशाकडून खेळण्यासाठीची वास्तव्याची अट तीनवरून पाच वर्षांवर नेण्यात आली आहे.

महिलांमध्ये पूर्णवेळ करार उशिरा आले. इंग्लंडने २०१९ मध्ये २८ जणींना ते दिले.