अणुकक्षकांतील इलेक्ट्रॉनचे तरंगरूप

अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ठरावीक वाटेने फिरत नाही. केंद्रकाभोवतीचा सगळा अवकाश व्यापणारा स्थायी तरंग, असेच त्याचे वर्णन करावे लागते. अशा प्रत्येक तरंगाच्या अवकाशातील मांडणीला कक्षक म्हणतात. कक्षा आणि कक्षक हे शब्द दिसायला सारखे असल्याने नेहमी गोंधळ होतो; पण कक्षा म्हणजे वाट, आणि कक्षकात वाट नसतेच.

नील्स बोर यांनी 1913 मध्ये हायड्रोजनच्या वर्णपटाचा उलगडा केला, तेव्हा काही विशिष्ट कक्षाच चालतात हा नियम त्यांना गृहीत धरावा लागला होता. तो नियम का, हे त्यांना सांगता येत नव्हते. लुई द ब्रॉयी यांनी 1924 च्या प्रबंधात प्रत्येक कणाला तरंगलांबी दिली: प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग. बोर यांच्या पहिल्या कक्षेची त्रिज्या 0.529 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), म्हणजे परीघ सुमारे 3.32 अँगस्ट्रॉम. त्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी काढली तर तीही नेमकी तेवढीच भरते, म्हणजे परिघावर बरोबर एक पूर्ण तरंग बसतो.

प्रयोगाचा पुरावा 1927 मध्ये मिळाला, आणि त्यामागे एक अपघात होता. क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलवर इलेक्ट्रॉन आपटवून पाहत असताना द्रवरूप हवेची बाटली फुटली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढले. ते घालवण्यासाठी धातू खूप तापवला, तेव्हा त्यातले बारीक स्फटिक जाऊन मोजके मोठे स्फटिक तयार झाले. आता इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखे न विखुरता काही दिशांनाच जोरात परतू लागले. पुढे निकेलचा एकसंध स्फटिक घेऊन मोजमाप केल्यावर 54 व्होल्टला, 50 अंशांच्या कोनात, ठळक शिखर आले. त्यावरून निघणारी तरंगलांबी 1.65 अँगस्ट्रॉम, द ब्रॉयी यांच्या सूत्राने 1.67. त्याच सुमारास जॉर्ज थॉमसन यांनी पातळ पापुद्र्यांमधून इलेक्ट्रॉन पाठवून विवर्तनाची, म्हणजे तरंग विखुरून एकमेकांत मिसळल्याने उमटणारी, वलये मिळवली. इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवणारे जे. जे. थॉमसन हे त्यांचे वडील!

द ब्रॉयी यांचे परिघावर बसणाऱ्या तरंगाचे चित्र पाठ्यपुस्तकांना आवडते, पण ते फार ताणू नये. त्या चित्रात सर्वांत खालच्या पातळीवरच्या इलेक्ट्रॉनला कोनीय संवेग असतो. प्रत्यक्षात 1एस या सर्वांत खालच्या कक्षकात कक्षीय कोनीय संवेग शून्य आहे. खरे उत्तर एर्विन श्रोडिंगर यांच्या 1926 च्या समीकरणातून आले. दोन्ही टोकांना बांधलेली तार मोजक्याच सुरांत कंप पावते. तसाच केंद्रकाच्या आकर्षणात अडकलेला त्रिमितीय तरंगही मोजक्याच आकृतिबंधांत स्थिर राहतो. पुंजांक, म्हणजे या आकृतिबंधांना ओळखण्याचे क्रमांक, बाहेरून लादावे लागत नाहीत. तरंगाला कोंडले की ते आपोआप येतात.

तारेवर जसे न हलणारे बिंदू असतात, तसे इथे निस्पंद पृष्ठभाग असतात. मुख्य पुंजांक एन असेल, तर ते एन वजा एक असतात. हायड्रोजनच्या 2एस कक्षकात केंद्रकापासून सुमारे 1.06 अँगस्ट्रॉमवर गोलाकार निस्पंद आहे. 2पी मध्ये केंद्रकातून जाणारे निस्पंद प्रतल आहे आणि त्याच्या दोन बाजूंना तरंगाच्या दोन पाकळ्या. मग 2पी मधला इलेक्ट्रॉन एका पाकळीतून दुसरीत जातो कसा? वर्गात हमखास येणारा हा प्रश्न मुळात वाट गृहीत धरतो. इलेक्ट्रॉन पलीकडे 'जात' नाही. तरंग दोन्ही पाकळ्यांत एकाच वेळी असतो, फक्त विरुद्ध चिन्हांनी.

मॅक्स बॉर्न यांनी 1926 मध्येच दिलेल्या अर्थानुसार तरंगफलाच्या (म्हणजे तरंगाच्या गणिती रूपाच्या) केवल मूल्याचा वर्ग म्हणजे त्या ठिकाणी इलेक्ट्रॉन सापडण्याच्या संभाव्यतेची घनता. मोजायला गेल्यावर तो सापडतो तो मात्र अख्खाच, एका जागी. अर्धा इलेक्ट्रॉन कुणाला मिळालेला नाही.

आकर्षणामुळे इलेक्ट्रॉन केंद्रकात पडून अणू कोसळत का नाही, याचे उत्तरही यातच आहे. तरंग केंद्रकाजवळ जितका आवळावा तितकी गतिज ऊर्जा वाढते. हायड्रोजनमध्ये आकर्षणाशी तिचा तोल उणे 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टला साधतो, आणि त्याहून खालची पातळीच उरत नाही.