कोरड्या मोरीचे भौतिकशास्त्र

जून उजाडला की जळगाव, धुळे, भुसावळ या शहरांत भाड्याच्या घरांची अदलाबदल सुरू होते. महाविद्यालये उघडण्याच्या बेतात असतात, बदल्यांचे आदेश निघालेले असतात आणि एप्रिलपासून कुलूपबंद असलेली घरे नव्या भाडेकरूंसाठी उघडली जातात. दार उघडताच नाकात शिरणाऱ्या, सडक्या अंड्याची आठवण करून देणाऱ्या दुर्गंधीला ‘बंद घराचा वास’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या की तो जाईल, असे घरमालक सांगतो; तो गेला नाही, तर आधीच्या भाडेकरूच्या स्वयंपाकापासून घराच्या आग्नेय कोपऱ्यापर्यंत सगळ्यांवर आळ येतो. पुष्कळ घरांमध्ये हा वास घरात तयार झालेलाच नसतो. तो वर्षाचे बाराही महिने मोरीखालच्या पाइपात असतो आणि घर बंद असताना त्याला अडवून धरणारे पाणी तेवढे उडून गेलेले असते.

पुढे जाण्यापूर्वी एक शक्यता बाजूला काढली पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस मुळात जवळजवळ गंधहीन असतो आणि गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे गंधकयुक्त, उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. 1937 साली अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन या गावच्या शाळेत गंधहीन नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे 300 जण दगावले आणि त्यानंतर वायूला वास देण्याच्या सक्तीने जोर धरला. सांडपाण्याच्या वायूतही गंधकाचीच संयुगे असल्यामुळे नवख्या नाकाचा गोंधळ होऊ शकतो. वास शेगडी किंवा सिलिंडरपाशी वाढत असेल, तर रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नये आणि गॅस वितरकाला बोलवावे. ओलसर भिंतीचा मातकट वास, कूलरच्या शिळ्या गवताचा आंबूस वास आणि माळ्यावर मेलेल्या उंदराचा वास हे तिन्ही वेगळे असतात आणि जवळ गेल्यावर सहसा आपला पत्ता स्वतःच सांगतात. मोरीचा वास मात्र घरभर सारखा पसरतो, येतो-जातो आणि म्हणूनच तो माणसाला चकवतो.

मोरीतील जाळी उचलून आत बॅटरीचा उजेड टाकला, तर खाली पाणी चमकताना दिसते. या भागाला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. सांडपाण्याची वाट येथे मुद्दाम खाली वळवून पुन्हा वर चढवलेली असते, त्यामुळे वाकणात नेहमी थोडे पाणी अडकून राहते. सांडपाणी या पाण्याला ढकलून पलीकडे जाते, पण पलीकडचा वायू अलीकडे येऊ शकत नाही. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीने 1775 साली शौचकूपाच्या एकस्वात (पेटंटमध्ये) असे वाकण वापरले आणि आजही आपल्या घरांतील शौचकूप, बेसिन आणि मोरी याच तत्त्वावर अवलंबून आहेत. या युक्तीत कोणताही हलणारा भाग नाही, त्यामुळे तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. पाणी टिकले पाहिजे, एवढी एकच अट आहे. वाकणातील वरच्या कडेपासून खालच्या ओठापर्यंत अडणाऱ्या पाण्याच्या उंचीला जलबंध म्हणतात आणि चांगल्या ट्रॅपमध्ये ती सुमारे 50 मिलिमीटर असते.

आता हे 50 मिलिमीटर पाणी किती दिवस टिकेल, हा प्रश्न घेऊ. बाष्पीभवन केवळ तापमानावर ठरत नाही. हवा आणखी किती वाफ सामावून घेऊ शकते, म्हणजे संपृक्त हवेच्या तुलनेत तिच्यात वाफेची किती तूट आहे, यावर ते ठरते. 20 अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम वाफ धरू शकते. त्या हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल, तर तूट जेमतेम सात ग्रॅमची उरते. 38 अंशांची हवा मात्र सुमारे 46 ग्रॅम वाफ धरू शकते आणि मे महिन्यात आपल्याकडची आर्द्रता सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास धरली, तरी तूट 32 ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे पाणी ओढून घेण्याची हवेची भूक चौपटीहून अधिक वाढते. दुपारी पारा 44-45 अंशांवर गेल्यावर आणि हवा याहूनही कोरडी झाल्यावर काय होत असेल, ते उघड आहे.

तरीही ताटलीतले पाणी दोन दिवसांत आटते आणि ट्रॅपमधले आटायला आठवडे लागतात, याचे कारण विसरण, म्हणजे वाफेचे स्थिर हवेतून हळूहळू पसरत जाणे, हे आहे. जाळीखालच्या अरुंद जागेत हवा जवळजवळ स्थिर असते. पाण्यालगतची हवा वाफेने संपृक्त होते आणि तिथून वाफेच्या रेणूला इतर रेणूंवर आदळत, आडवेतिडवे भटकत जाळीपर्यंत पोहोचावे लागते. हे अंतर जितके जास्त, तितकी वाफेची गळती मंद होते. अंतर दुप्पट झाले की वेग निम्मा होतो. पाणी जसजसे खाली जाते, तसतसे हे अंतर वाढत जाते आणि आटण्याचा वेग आपोआप मंदावत जातो, ही या गणितातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. शिवाय वाकणाच्या गटाराकडील बाजूची हवा आधीच दमट असल्यामुळे तिकडून पाणी फारसे उडत नाही. उडते ते खोलीच्या बाजूने, परंतु दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांना जोडलेले असल्याने पातळी दोन्हीकडे सारखीच उतरते आणि म्हणून उतरण्याचा वेग अपेक्षेच्या निम्मा राहतो. या सगळ्यांचा ढोबळ हिशेब केला, तर थंड देशांत ट्रॅपची पातळी आठवड्याला दोन-तीन मिलिमीटरने उतरते आणि खान्देशच्या मे महिन्यात ती आठवड्याला 10 मिलिमीटरच्या आसपास उतरायला हवी. म्हणजेच 50 मिलिमीटरचा जलबंध साधारण पाच आठवड्यांत मोडतो. परीक्षा संपवून विद्यार्थी गावी जातात आणि निकालानंतर परततात, तो काळ नेमका एवढाच असतो. स्वस्त ट्रॅपमध्ये जलबंध मुळातच उथळ असतो आणि तिथे पंधरवडाही पुरतो. यात फसवे असे, की जलबंध मोडण्यासाठी सगळे पाणी आटावे लागत नाही. पातळी वाकणाच्या ओठाखाली मिलिमीटरभर गेली, तरी वाट मोकळी होते. तळाशी पाणी चमकत असते, त्यामुळे पाहणाऱ्याला ट्रॅप भरलेला वाटतो.

घर वापरात असले, तरीही ही तक्रार सुटत नाही. आपल्या बहुतेक शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. उन्हाळ्यात पाणी जपून वापरणाऱ्या कुटुंबात दुसरे न्हाणीघर आणि गच्चीवरची मोरी कोरडीच राहते. अशा घरात एक चमत्कारिक गोष्ट घडते. स्वयंपाकघरात शेवभाजीच्या काळ्या मसाल्याला तेल सुटू लागते, ठसका बसू नये म्हणून कोणी एक्झॉस्ट पंखा लावते आणि काही मिनिटांत न्हाणीघराकडून दुर्गंधी येते. पंखा घरातील हवा बाहेर फेकतो, त्यामुळे घरातील दाब किंचित कमी होतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हवा मिळेल त्या फटीतून आत येते. भरलेल्या ट्रॅपला याची फिकीर नसते, कारण 50 मिलिमीटर पाणी सुमारे 490 पास्कलचा दाबफरक सहन करते आणि घरगुती पंख्याने निर्माण होणारा फरक त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो. ट्रॅप कोरडा असेल, तर मात्र सर्वांत सोपी वाट गटारातूनच येते. याउलट खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, दाब किंचित वाढवतो आणि वास पाइपातच रोखून ठेवतो. म्हणून कित्येक घरांत कूलर चालू असेपर्यंत काहीच जाणवत नाही आणि पहाटे तो बंद केल्यावर वास सुरू होतो. रात्री अमुक वेळेला येणाऱ्या वासाचा संबंध बाहेरच्या बाधेशी जोडणाऱ्यांनी आधी कूलर केव्हा बंद होतो, ते पाहावे.

याचा अर्थ हा केवळ नाकाचा प्रश्न आहे, असे नाही. 2003 साली सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात 300 हून अधिक रहिवाशांना लागण झाली. तेथील तपासात न्हाणीघरांच्या जमिनीतील कोरडे पडलेले ट्रॅप आणि एक्झॉस्ट पंखे हीच जोडी प्रसाराच्या संभाव्य वाटेत पुढे आली.

पाइपातील वास येतो तो आतल्या बाजूला चिकटलेल्या काळ्या, बुळबुळीत थरातून. प्राणवायू न मिळणाऱ्या या थरात सल्फेटचे क्षपण करणारे जिवाणू राहतात. आपण प्राणवायू वापरतो, तसे ते सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू बाहेर टाकतात. धुण्याच्या पावडरीत भरणा म्हणून सोडियम सल्फेट असते, त्यामुळे खाद्य त्यांना आपणच पुरवतो. मानवी नाक हा वायू अब्ज भागांत काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही ओळखते. परंतु एकच वास सतत येत राहिला, की नाकातील ग्राही पेशींचा प्रतिसाद काही मिनिटांतच मंदावतो. त्यामुळे तळमजल्यावर वर्षानुवर्षे राहणारा घरमालक ‘मला तर काहीच वास येत नाही’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही. त्याला अर्धा तास बाहेर फिरवून आणून मग विचारावे. हाच वायू दशलक्ष भागांत 100 च्या आसपास गेला, तर घ्राणशक्ती बधिर होते आणि धोक्याची सूचनाच बंद पडते. सेप्टिक टँकमध्ये डोकावणे किंवा कोणाला आत उतरवणे जीवघेणे ठरते, त्याचे हे एक कारण आहे.

बाजारातले उपाय पाहिले की मात्र हसू आवरत नाही. डांबराच्या गोळ्या, कापूर आणि सुगंधी फवारे दुर्गंधीचा एकही रेणू कमी करत नाहीत. ते हवेत आणखी काही रेणू सोडतात आणि नाकाला दुसरीकडे गुंतवतात. साध्या हेपा गाळणीचा एअर प्युरिफायर धूळ पकडतो, वायू पकडत नाही. त्यासाठी सक्रिय कार्बनचा थर लागतो आणि गटार उघडे असताना तोही किती पुरेल, हा प्रश्न उरतोच. वास्तुदोष निवारणाच्या पिरॅमिडबद्दल काही लिहिण्याची आवश्यकता नाही. सर्वांत घातक उपाय ॲसिडचा आहे. शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किपच्या उपकरणात आयर्न सल्फाइडवर आम्ल सोडून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सल्फाइड साचलेल्या काळ्या गाळावर बाटलीभर ॲसिड ओतणारा माणूस घरच्या मोरीत तोच प्रयोग करत असतो. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली, तर विषारी क्लोरीनही निर्माण होतो.

तपासणी सोपी आहे. दारे-खिडक्या लावून एक्झॉस्ट पंखा चालू करावा आणि घरातल्या एखाद्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बोटभर रुंद पट्टी कापून ती प्रत्येक जाळीवर धरावी. पट्टी वर फडफडली, तर तिथून हवा आत येत आहे. अगरबत्तीच्या धुरानेही हे कळते, पण गटाराच्या वायूत मिथेन असू शकतो आणि त्याच्याजवळ विस्तव नेण्याचे कारण नाही. मग त्या मोरीत बादलीभर पाणी ओतून पट्टी पुन्हा धरावी. ती आता शांत राहिली, तर रोगनिदान झाले. पाणी भरूनही एक-दोन दिवसांत वास परतला, तर ट्रॅपला तडा गेलेला असतो किंवा वरच्या मजल्यावरच्या फ्लशबरोबर त्याचे पाणी ओढले जात असते. गच्चीपर्यंत नेलेला व्हेंट पाइप हा दाब सांभाळण्यासाठीच असतो आणि पक्ष्यांनी त्यात काड्या भरल्या, की हे ओढणे सुरू होते. ही दोन्ही कामे घरमालकाची आहेत आणि त्याला पट्टीचा प्रयोग दाखवला, तर बोलणे सोपे जाते.

भाडेकरूने स्वतः पाहाव्यात अशा जागा दोन आहेत. जुन्या मोऱ्यांत जाळीखाली एक उलटी वाटी असते. पाणी लवकर जावे म्हणून आधीचा कोणी ती काढून टाकतो आणि जलबंधच नाहीसा होतो. बेसिनखालचा पांढरा, वळ्यावळ्यांचा वेस्ट पाइप बहुतेक भाड्याच्या घरांत सरळ जमिनीतल्या भोकात खोचलेला असतो. त्याला मध्ये एक वेढा देऊन तारेने बांधला, तर तोच ट्रॅपचे काम करतो आणि भोकाभोवतीची फट रबरी बुचाने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवता येते. सुट्टीला गावी जाताना प्रत्येक ट्रॅप पाण्याने भरून वर दोन-तीन चमचे तेल सोडावे. तेलाचा थर पाण्यावर पसरतो आणि वाफेची वाट अडते. शेंगदाण्याचे तेल चालते, पण महिनाभराच्या उकाड्यात ते खवट होते, म्हणून औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन अधिक बरे.