एकाच सायकलवरच्या अनेक तारखा: जुन्या रोड बाइकचं वय कसं ठरतं

जुन्या रोड बाइकवर तिचं निर्मितीवर्ष बहुधा कुठेच सरळ लिहिलेलं नसतं. विकणारा ‘सत्तरच्या दशकातली आहे’ म्हणतो, कारण त्याला ती देणाऱ्याने तसं सांगितलेलं असतं. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा अक्ष फिरतो त्या भागाच्या, तळाशी एक नंबर ठोकलेला असतो खरा. पण सायकलच्या फ्रेमला नंबर देण्याची जगभर चालणारी एकच पद्धत कधीच ठरली नाही. प्रत्येक कारखान्याने आपल्या सोयीने आकडे घातले, मधेच पद्धत बदलली, पुष्कळांच्या नोंदवह्या राहिल्या नाहीत. छोट्या कारागिरांच्या फ्रेमवर तर अनेकदा फक्त मापाचा आकडा सापडतो.

तरीही अशा सायकलचं वय दोन-तीन वर्षांच्या अंतराने सांगता येतं, कारण या धंद्याची घडणच तशी होत गेली. ती माहीत असली की हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) नटवरच्या दोन आकड्यांनाही अर्थ येतो.

रोड बाइक पूर्णपणे एकाच कारखान्यात क्वचितच तयार झाली. फ्रेमवर ज्याचं नाव असतं त्याने सहसा नळ्या कापल्या, लगमध्ये (नळ्यांचे जोड धरणाऱ्या धातूच्या खोबण्यांत) बसवल्या आणि पितळ किंवा चांदीच्या डाकाने जोडल्या. नळ्या दुसऱ्याच्या, लग तिसऱ्याचे. ब्रेक, गिअर, हब, रिम, हँडल यांचे कारखाने आणखी वेगळे, कधी कधी देशही वेगळे. या सगळ्यांना आपापला माल ओळखण्यासाठी खुणा कराव्या लागत: पेटंटसाठी, सदोष माल परत आला तर तो कोणत्या खेपेतला हे कळावं म्हणून, किंवा नुसत्या सवयीने. पन्नास वर्षांनी कुणी टूथब्रश घेऊन त्या खुणा घासत बसेल, हे त्यांच्या मनातही नव्हतं. म्हणूनच त्या खुणांवर मला विक्रेत्याच्या सांगण्यापेक्षा जास्त भरवसा वाटतो.

सुरुवात नळीपासून करू. बर्मिंगहॅममध्ये खिळे बनवणाऱ्या रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ मध्ये ‘बटेड’ नळीचं पेटंट घेतलं. बाहेरचा व्यास सगळीकडे सारखा, पण आतून टोकांना भिंत जाड आणि मध्ये पातळ. जोडावर उष्णता आणि ताण दोन्ही येतात, तिथे धातू हवा. मध्ये तो नुसतं वजन वाढवतो. १९३५ मध्ये याच कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही नळी आणली आणि पुढची चाळीस वर्षं चांगल्या फ्रेमची ओळख म्हणजे सीट ट्यूबवरचा (सीटखालच्या उभ्या नळीवरचा) ५३१ चा स्टिकर असं समीकरण झालं. इटलीत हाच मान मिलानच्या कोलंबसला मिळाला.

स्टिकरवर मात्र विसंबू नये. जुन्यासारखे हुबेहूब नवे स्टिकर विकत मिळतात, आणि रंग पुन्हा मारलेल्या फ्रेमवर ते हौसेने लावलेही जातात. खरी साक्ष सीटपोस्ट, म्हणजे त्या नळीत घातलेला सीटचा दांडा, देतो. इंग्लिश आणि इटालियन सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर असतो. भिंत पातळ असेल तर आत जाडजूड सीटपोस्ट मावतो, जाड असेल तर बारीकच घालावा लागतो. पातळ भिंतीच्या ५३१ किंवा कोलंबस एसएल नळीत २७.२ मिलिमीटरचा बसतो. स्टिकर ५३१ चा आणि सीटपोस्ट त्याहून बराच बारीक असेल, तर काहीतरी जुळत नाही. त्यातही फ्रेंच फ्रेम असेल तर थांबून विचार करावा: तिथली नळीच २८ मिलिमीटरची, त्यामुळे उत्तम नळीतही सीटपोस्ट बारीकच येतो.

फ्रेंच आणि इंग्लिश यांच्यातला हा भेद नळीपुरता नाही, तो आट्यांत सगळ्यात ठळक दिसतो. बॉटम ब्रॅकेटमधले बेअरिंगचे कप ज्या आट्यांवर बसतात त्यांच्या चार राष्ट्रीय पद्धती रोड बाइकवर भेटतात. इंग्लिश पद्धतीत व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. इटालियन पद्धतीत व्यास मेट्रिक, ३६ मिलिमीटर, पण आटे मात्र इंचाला २४. मला हा संकर फार आवडतो. दोन मोजमाप-पद्धतींनी एकाच कपावर केलेली तडजोड आहे ती. फ्रेंच पद्धत पूर्ण मेट्रिक, ३५ मिलिमीटर आणि आट्यांचं अंतर १ मिलिमीटर. स्विस पद्धतीत मापं फ्रेंचचीच, फरक एवढाच की चेनच्या बाजूचा कप डाव्या, म्हणजे उलट दिशेने आवळणाऱ्या, आट्यांचा.

हा डाव्या आट्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पेडल मारताना बेअरिंगमुळे कपावर पेडलच्या उलट दिशेने फिरण्याचा सूक्ष्म दाब येत राहतो. उजव्या बाजूला साधे आटे असतील तर तो कप हळूहळू सैल होतो. इंग्रजांनी आणि स्विसांनी तिथे डावे आटे घालून हा प्रश्न सोडवला. इटालियन आणि फ्रेंचांनी साधे आटे ठेवले आणि कप करकचून आवळण्यावर भिस्त ठेवली. हे कप ज्यात बसतात त्या नळकांड्याची, म्हणजे शेलची, रुंदीही सांगते: इंग्लिश आणि फ्रेंच शेल साधारण ६८ मिलिमीटर, इटालियन ७०. नाव, रंग, बिल्ला सगळं गेलेली फ्रेम हातात आली तरी व्हर्नियर लावून ती कोणत्या परंपरेतली हे कळतं. १९८० च्या दशकात फ्रेंच कंपन्यांनी आपले आटे हळूहळू सोडून दिले. त्यामुळे फ्रेंच आटे असलेली फ्रेम त्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची धरायला हरकत नसते.

वर्ष ठरवायला मात्र सगळ्यात उपयोगी पडतो तो डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग. टूर द फ्रान्समध्ये व्यावसायिक स्पर्धकांना तो वापरण्याची मुभा १९३७ मध्ये मिळाली. १९५० च्या सुमारास इटलीतल्या विचेन्झाच्या कॅम्पान्योलोने ग्रान स्पोर्ट हा समांतरभुज रचनेचा डिरेलर आणला आणि पुढच्या बहुतेक डिरेलरनी तीच वाट धरली. १९६३ मध्ये रेकॉर्ड, १९६७ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा नुओव्हो रेकॉर्ड. हा नुओव्हो रेकॉर्ड १९८० च्या दशकापर्यंत जवळजवळ त्याच रूपात निघत राहिला, त्यामुळे नुसता आकार पाहून वर्ष सांगता येत नाही. पण साधारण १९७० पासून त्याच्या अंगावर ‘पेटंट’ या शब्दापुढे वर्षाचे दोन आकडे येऊ लागले. ते आकडे वाचून पेटंट त्या वर्षी मिळालं असं अनेकजण समजतात. प्रत्यक्षात तो भाग साधारण कधी घडला याची ती खूण आहे. याच कंपनीच्या जुन्या हबच्या लॉकनटवरही ‘कॅम’ या अक्षरांसोबत दोन आकडे सापडतात. क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) चेनरिंग, म्हणजे पुढची दातेरी चकती, बसवणाऱ्या पाच बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १९६७ च्या सुमारास १५१ वरून १४४ मिलिमीटर झाला, ही आणखी एक रेघ.

जपानी मालाची गोष्ट निराळी, आणि खूप सोपी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींना अचानक मागणी आली. १९७३ मध्ये तिथे सुमारे दीड कोटी सायकली खपल्या. युरोपातले कारखाने ही मागणी पुरवू शकले नाहीत आणि ती पोकळी जपानने भरली. फुजी, निशिकी, मियाता, पॅनासोनिक या नावांच्या त्या काळातल्या फ्रेम आजही सरळ आणि नेटक्या सापडतात. माझं मत विचाराल, तर पहिली जुनी रोड बाइक म्हणून यांच्याइतकी विश्वासाची दुसरी नाही. आटे सहसा इंग्लिश मापाचे, जोडकाम स्वच्छ आणि तारखा वाचण्यासारख्या. मियाताच्या फ्रेम नंबरचं पहिलं अक्षर वर्ष सांगतं, ए म्हणजे १९७२.

सुटे भाग बनवणाऱ्या जपानच्या शिमानोने तर दोन अक्षरांत सगळं बसवलं. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६ पासून पुढे. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. डिरेलरच्या, ब्रेकच्या किंवा क्रँकच्या मागच्या बाजूला ‘एचसी’ दिसलं तर तो भाग मार्च १९८३ चा. झेडला २००१ आलं आणि २००२ मध्ये अक्षरं पुन्हा ए पासून सुरू झाली. त्यामुळे ‘एचसी’ मार्च २००९ चाही असू शकतो, पण ते भागाकडे एकदा पाहिलं की लगेच कळतं.

पेटंटची मुदत संपणं हीसुद्धा तारीख होऊ शकते. सनटूर या जपानी कंपनीच्या नोबुओ ओझाकी यांनी १९६४ मध्ये समांतरभुज तिरका केला. त्यामुळे डिरेलरचं चाक फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) उताराबरोबर खाली सरकू लागलं आणि गिअर बदलणं इतरांपेक्षा कितीतरी नेमकं झालं. वीस वर्षं ही रचना सनटूरची राहिली. १९८४ मध्ये पेटंट संपलं आणि त्याच वर्षी शिमानोने तिरका समांतरभुज आणि ‘टक’ असा आवाज करत एकेक घर सरकणारा गिअरचा लिव्हर एकत्र आणून ड्युरा-एस या आपल्या भागांच्या संचात दिला. लिव्हरला अशी घरं असलेली शिमानोची ड्युरा-एस जोडी दिसली की १९८४ च्या अलीकडे यायचं.

याच काळात फ्रेमची मागची बाजू रुंद होत गेली. मागे पाच चकत्या होत्या तेव्हा ड्रॉपआउटमधलं, म्हणजे मागच्या चाकाचा अक्ष बसतो त्या दोन खाचांमधलं, अंतर १२० मिलिमीटर होतं. सहा-सात झाल्या तेव्हा ते १२६ झालं, आणि १९९० च्या आसपास आठ चकत्यांबरोबर १३०. १९९० मध्ये ब्रेक लिव्हरमध्येच गिअर आले आणि डाउन ट्यूबवरच्या (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवरच्या) लिव्हरचं राज्य संपलं. अंतर मोजताना एक काळजी घ्यावी. पोलादी फ्रेम ताणून रुंद करता येते आणि पुष्कळांनी नवं चाक बसवण्यासाठी ती तशी केलेली असते.

केबल धरणाऱ्या पट्ट्या फ्रेमला आवळलेल्या असतील तर फ्रेम जुनी. पट्ट्यांऐवजी केबल धरणारे कान डाकाने जोडलेले असतील, आणि बाटलीसाठी आट्यांच्या दोन जोड्या असतील, तर बहुधा १९८० च्या दशकातली. ब्रेकची केबल हँडलवरून कमानीसारखी वर निघते की टेपखाली लपते, यावरूनही त्या दशकाचा अलीकडचा-पलीकडचा भाग कळतो. चाकांचंही तसंच. २७ इंची रिमचा, टायर बसतो तिथला व्यास ६३० मिलिमीटर, ७००सी या दुसऱ्या मापाच्या रिमचा ६२२. ब्रेकचे रबर खाचेत अगदी खाली ओढून बसवलेले दिसले, तर मूळ २७ इंची चाकं काढून नंतर ७००सी घातली असण्याची शक्यता मोठी, कारण रिम चार मिलिमीटर आत गेलेली असते. एखाद्या भागावर ‘पश्चिम जर्मनी’ कोरलेलं असेल, तर तो १९९० च्या एकीकरणाआधीचा.

फ्रेम नंबरांपैकी काही खरोखर वाचता येतात. इंग्लंडच्या रॅले कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या नंबरात पहिलं अक्षर कारखान्याचं, एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप. अमेरिकेच्या श्विन कंपनीच्या सायकलींच्या पुढच्या बिल्ल्यावर चार आकडे ठोकलेले असतील, तर पहिले तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात आणि शेवटचा वर्षाचा अंतिम आकडा.

आता हे सगळं एकत्र कसं वाचायचं? समजा, एका निनावी फ्रेमचे आटे इंग्लिश आहेत, मागचं अंतर १२६, सीटपोस्ट २७.२. मागच्या डिरेलरवर १९८३ चा कोड, क्रँकवर १९८२ चा, दोन्ही ब्रेकवर १९८३ च्या सुरुवातीचा, आणि पुढच्या हबवर १९८८ चा. घाईत माणूस एक तर सरासरी काढतो किंवा सगळ्यात जुना आकडा धरून सायकल १९८२ ची ठरवतो. दोन्ही चूक. सुटा भाग कारखान्यातून निघाल्यावर काही महिने गोदामात पडून राहतो, म्हणून क्रँक सायकलपेक्षा जुना असणं स्वाभाविक आहे. पण मूळचा भाग सायकलपेक्षा नवा असूच शकत नाही. उत्खननात जमिनीच्या थरातलं सगळ्यात अलीकडचं नाणं त्या थराचा काळ सांगतं, तोच न्याय इथे. मूळ भागांपैकी सगळ्यात नवा कोणता, हे शोधायचं.

म्हणून १९८८ च्या हबपाशी थांबून विचारायचं: हा मूळचा आहे का? मागचा हब त्याच जोडीतला आहे का? स्पोक दोन्ही चाकांत सारखे आहेत का, रिम एकाच कंपनीच्या आहेत का? पुढचं चाक एकटंच वेगळं निघालं, तर कधीतरी ते वाकलं आणि बदललं एवढाच त्याचा अर्थ. मग उरलेले तीन भाग एकमेकांना धरून आहेत आणि सायकल १९८३ मध्ये किंवा फार तर १९८४ च्या सुरुवातीला जोडली गेली असं सांगता येतं. दोन्ही हब जोडीचे आणि १९८८ चे निघाले तर मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसायचं, आणि या वेळी फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) रंग फ्रेमच्या रंगाशी आतल्या बाजूलाही जुळतो का, तेही पाहायचं.