दोन लाईनी, एकच खांब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर दोन इंटरनेट कंपन्यांचे राउटर शेजारी शेजारी टांगलेत. दोन्हींच्या वायरी खालच्या तिसऱ्या, लाईनी जोडणाऱ्या डब्यात येतात, तिथून एकच वायर टेबलाकडे जाते. मालासोबत लागणारं ऑनलाइन ई-वे बिल निघालं नाही की भरलेला टेम्पो दारातच अडकतो, म्हणून हा खटाटोप. पण लाईनी जोडायचं हे तंत्र आधी गाजलं ते वेगासाठी, भरवशासाठी नंतर.

आयएसडीएनच्या, म्हणजे डिजिटल फोन लाईनीवरच्या इंटरनेटच्या काळात एका जोडणीवर ६४ केबीपीएसचे दोन चॅनेल मिळायचे. ते जोडून १२८ करण्यासाठी १९९४ मध्ये मल्टिलिंक पीपीपी हे तंत्र आलं. पॅकेटचे, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्यांचे तुकडे करायचे, त्यावर नंबर टाकायचे, दोन्ही वाटांनी सोडायचे आणि पलीकडे नंबराने लावून घ्यायचे. त्याच सुमारास ऑफिसातले संगणक जोडणाऱ्या स्विचसाठी इथरचॅनेल हे लाईनी जोडायचं तंत्र निघालं, ते कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीचं. संस्थापक विनोद भारद्वाज यांनी बायकोचं नाव कंपनीला दिलं होतं! १९९४ मध्येच सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीने ती विकत घेतली. मग प्रत्येक कंपनीची आपापली तऱ्हा नको म्हणून २००० मध्ये ८०२.३एडी हे सामाईक मानक ठरलं.

इथे बरेच जण फसतात. स्विचच्या या पद्धतीत एका जोडणीची, म्हणजे दोन संगणकांमधल्या एका संवादाची सगळी पॅकेटं एकाच वायरीने जातात, नाहीतर क्रम बिघडतो. आमच्या तिसऱ्या डब्याचं तंत्र वेगळं, पण गणित तेच: ड्रॉइंगची एक मोठी फाईल पाठवली तर दोन लाईनी असूनही वेग एकीचाच मिळतो. फायदा दहा जण एकदम बसले की दिसतो. एकच जोडणी दोन वाटांवर पसरवणारं मल्टिपाथ टीसीपी २०१३ मध्ये आलं. त्याच वर्षी ॲपलने ते आयफोनच्या सिरी या बोलक्या मदतनिसासाठी वापरलं; वायफाय सुटलं तरी मोबाईल डेटावर बोलणं चालू राहावं म्हणून.

आमचं शिक्षण मात्र २०१९ च्या पुरात झालं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या दारात पाणी नव्हतं, तरी दोन्ही लाईनी एकाच दुपारी गेल्या. बिलं दोन, कंपन्या दोन; केबली मात्र त्याच खांबावरून त्याच पेटीत उतरलेल्या, आणि पेटी पाण्याखाली.

आता त्यातली एक लाईन सिमवर आहे. टॉवरचं डिझेल किती दिवस पुरेल हा प्रश्न निराळा. डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलाय, रेंज तिथेच येते.