शिल्डेड केबल घेतली तरी रीडिंग उड्या का मारतं?

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली स्वयंपाकघरात दिसावं, एवढीच अपेक्षा होती. टाकीच्या झाकणाला आतून अंतर मोजणारा एक छोटा आय-टू-सी सेन्सर (डेटा आणि क्लॉक अशा दोन वायरींवरून बोलणारा) लावला, खाली आर्डुइनो, म्हणजे छोटा कंट्रोलर बोर्ड, आणि मध्ये घरात पडलेली 20 मीटर लॅन केबल. टेबलावर अर्ध्या फुटाच्या वायरीवर मस्त चाललेलं, गच्चीवर नेल्यावर रीडिंग कधी येतंय कधी नाही, आणि खालचा पंप चालू झाला की सगळं जे हँग होतं ते रिसेट करेपर्यंत तसंच. ज्याला विचारलं तो म्हणाला शिल्डेड घे, म्हणजे आत वायरींभोवती धातूचं फॉइल असलेली, दुकानदारही तेच म्हणाला, मग जवळजवळ दुप्पट पैसे मोजून फॉइलवाली केबल आणली, दुपारभर उन्हात बसून ओढली, आणि आधी जे अधूनमधून तरी चालत होतं ते आता अजिबात चालेना!

तेव्हा राग आला होता, पण नंतर वाचत गेलो तसं कळलं की केबलची काही चूक नव्हती. आपण शिल्डेड म्हणजे साध्या केबलची भारीवाली आवृत्ती समजतो. तसं नाहीये. केबलमधल्या वायरींच्या जोड्यांना असलेला पीळ वेगळं काम करतो आणि फॉइल वेगळं.

आधी पीळ. पंपाच्या वायरीतून 50 हर्ट्झचा करंट वाहतो, म्हणजे तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला 50 वेळा पूर्ण उलटसुलट होतं. आपल्या सिग्नलची जाणारी आणि परत येणारी वायर मिळून एक लांबट वेटोळं बनतं, त्यातून हे बदलतं क्षेत्र गेलं की त्यात व्होल्टेज तयार होतं, ट्रान्सफॉर्मरमध्ये होतं तेच, फक्त नको तिथे. आता त्या दोन वायरींना पीळ घाला. एका मोठ्या वेटोळ्याची शेकडो छोटी वेटोळी झाली, आणि प्रत्येक पुढच्या वेटोळ्यात वायरींची जागा बदललेली, त्यामुळे एकात जेवढं व्होल्टेज आलं तेवढंच पुढच्यात उलट्या दिशेने, वजाबाकी होऊन जवळजवळ शून्य. उरलासुरला नॉइज दोन्ही वायरींवर सारखाच चढतो, आणि पलीकडचा रिसीव्हर दोन वायरींमधला फक्त फरक बघत असेल तर तोही जातो. ही युक्ती काही आजची नाही, टेलिफोन आला 1876 मध्ये आणि 1881 मध्ये ग्रॅहॅम बेलने पिळलेल्या जोडीचं पेटंट घेतलंसुद्धा.

मग फॉइल काय करतं? पंपाच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी पडते, व्होल्टेज एकदम उसळतं, आणि दोन शेजारी वायरी म्हणजे एक नकळत तयार झालेला कपॅसिटर असल्यामुळे ती उसळी आपल्या वायरीत उडी मारते. मध्ये जमिनीला जोडलेला धातूचा पडदा असला की उसळी त्या पडद्यावर येते आणि तिथूनच निघून जाते. मोबाइल, वॉकीटॉकी असल्या रेडिओ लहरींनाही पडदा अडवतो. पण 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला? त्या फ्रिक्वेन्सीला ते क्षेत्र तांब्यात साधारण 9 मिलिमीटर खोलवर गेल्यावर कुठे कमजोर पडायला लागतं, आणि आपलं अॅल्युमिनियमचं फॉइल मिलिमीटरच्या काही शतांशाएवढं. त्या क्षेत्राला हे फॉइल म्हणजे हवाच. ते काम पीळच करतो.

म्हणून आधी बघायचं त्रास कधी होतोय. पंप चालू आहे तोवर सतत घरघर असेल तर पीळ बघा, केबल मोटरच्या वायरीपासून लांब न्या. फक्त चालू-बंद होतानाच झटका बसत असेल तर शिल्डचा उपयोग होईल, आणि स्टार्टरच्या कॉइलवर स्नबर (व्होल्टेजची उसळी शोषणारा छोटा भाग) लावलात तर अजून बरं, ते खूप स्वस्त पडतं.

माझ्या केसमध्ये मात्र दोन्ही नव्हतं, दोष मुळात आय-टू-सीचा होता. ही बस एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलावं म्हणून बनलेली, तिच्या वायरींची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) 400 पिकोफॅरडच्या आत लागते. लॅन केबल मीटरला साधारण 50 पिकोफॅरड घेते, म्हणजे 20 मीटरला हजार. शिल्ड असलं की वायर आणि फॉइल यांच्यातली कपॅसिटन्स वर आणखी वाढते, म्हणून नवी केबल जुनीपेक्षा वाईट ठरली. त्यात मी शहाण्याने डेटा आणि क्लॉक एकाच निळ्या जोडीत एकमेकांना पिळून पाठवले होते, म्हणजे दोन बडबड्या माणसांना एकाच खुर्चीत बसवण्यासारखं. प्रत्येक सिग्नलला जोडीदार ग्राउंडच (0 व्होल्टची वायर) द्यायचा.

आणि ते फॉइल मी कुठेच जोडलं नव्हतं! हे फार जण करतात. फॉइलच्या आत एक उघडी तार असते, ड्रेन वायर, ती ग्राउंडला नाही लावली तर फॉइल तसंच लटकत राहतं आणि नॉइज एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतं. लावायची कुठे यावर लोक भांडतात, पण सेन्सरसारख्या हळू अॅनालॉग सिग्नलला एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला, हे बहुतेक वेळा बरोबर पडतं. दोन्ही टोकं जोडली आणि दोन्हीकडचं अर्थिंग वेगवेगळ्या पातळीला असलं की शिल्डमधूनच 50 हर्ट्झचा करंट फिरायला लागतो (जुन्या बिल्डिंगमध्ये प्लगचं तिसरं भोक खरंच जमिनीपर्यंत गेलंय का हा वेगळाच विषय). रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी मात्र दोन्ही टोकं जोडावी लागतात, तिथे एका टोकाची शिल्ड अँटेनासारखी वागू शकते.

शेवटी काय केलं, तर गच्चीवर सेन्सरला चिकटूनच एक आर्डुइनो नॅनो बसवला, आय-टू-सी दहा सेंटिमीटरची, आणि खालपर्यंत आरएस-485, म्हणजे दोन वायरींमधल्या फरकाने सिग्नल पाठवायची पद्धत. त्यासाठी मॅक्स485 चिपचा छोटा मोड्यूल दोन्हीकडे, एक पिळलेली जोडी, सिग्नल टोकावरून उलटा परतू नये म्हणून दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर, केबल तीच जुनी साधी, शिल्ड नसलेली. खरं तर हा रेझिस्टर केबलच्या इम्पिडन्सएवढा (बदलत्या सिग्नलला तिचा विरोध) हवा आणि लॅन केबलचा 100 ओहम असतो, एवढ्या हळू स्पीडला त्याने काही बिघडत नाही. ही पद्धत कमी स्पीडला 1200 मीटरपर्यंत चालते, माझे 20 मीटर म्हणजे तिला काहीच नाही. उरलेल्या जोड्यांतून 12 व्होल्ट वर पाठवले आणि वर 5 केले, कारण 5 थेट पाठवले असते तर वायरीतच थोडे खाल्ले गेले असते. दोन्ही टोकांचं ग्राउंडही जोडलं, फरक बघणाऱ्या चिपलाही उणे 7 ते अधिक 12 व्होल्टच्या पलीकडे सहन होत नाही.

फरक बघणारा सिग्नल असला की शिल्डशिवाय किती निभतं बघा. घरातलं गिगाबिट इंटरनेट 100 मीटर साध्या यूटीपीवर (शिल्ड नसलेली पिळलेल्या जोड्यांची केबल) पळतं, बऱ्याच गाड्यांमधली कॅन बसही (गाडीतले कंट्रोलर जिच्यावरून आपसात बोलतात ती) इंजिनाच्या ठिणग्यांशेजारून साध्या पिळलेल्या जोडीवरच जाते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे उलट, कनेक्टर लावताना आपणच तो सोडून टाकतो. टोकाला 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. सुट्या वायरींना पीळ हवा असेल तर दोन्हींचं एक टोक ड्रिलच्या चकमध्ये धरा, दुसरं दाराच्या कडीला बांधा, आणि ड्रिल हळू फिरवा.

शिल्डेड केबलला मी खरंच पैसे मोजतो ते सिग्नल एवढासा असला तरच. वजन मोजणारा लोड सेल घ्या, 5 व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला जेमतेम 10 मिलिव्होल्ट देतो, तापमान मोजणारा के टाइपचा थर्मोकपल तर एका डिग्रीला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट. मायक्रोफोनचंही तसंच. तिथे पीळ पण हवा आणि शिल्ड पण, आणि अॅम्प्लिफायर जमेल तेवढा सेन्सरजवळ. ती दुप्पट पैशांची केबल आता कपाटात गुंडाळून ठेवलीय, वजनकाट्याचा प्रोजेक्ट सुरू केला की काढेन, आणि या वेळी ड्रेन वायर आधी जोडेन.