सर कोणत्या दिशेने आली?

वाशीहून लोकल मानखुर्दकडे निघाली की खाडीपुलावर डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले इथे २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण उभारली. ऑक्टोबर २०२४मध्ये तिचं उद्‌घाटन झालं. दुर्बीण म्हटलं की आपल्याला तारे आठवतात. ही मात्र आपल्याच हवेत काही नॅनोसेकंद चमकणारा निळसर उजेड टिपते. अवकाशातून आलेला गॅमा किरण (प्रकाशासारखाच, पण प्रचंड ऊर्जेचा) हवेवर आदळला की कणांची सर कोसळते, तिचा हा उजेड.

अवकाशातून येणाऱ्या अशा किरणांच्या शोधाची सुरुवात १९१२ची. भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून पाच हजार मीटरच्या वर गेला. सोबत विद्युतमापी: बंद डब्यात दोन बारीक तारा, विद्युतभार गळेल तशा एकमेकींजवळ येणाऱ्या. किरणांमुळे डब्यातली हवा वीज वाहू लागते आणि भार गळतो. वर जाताना गळती वाढली, म्हणजे किरण वरूनच येत होते. पण एका डब्याला 'काहीतरी येतंय' एवढंच कळतं.

माझ्या मते खरी कलाटणी दिली ती भौतिकशास्त्रज्ञ ब्रूनो रॉसीने. दोन-तीन गायगर नळ्या (कण आत शिरला की वाजणाऱ्या) एकदम वाजल्या तरच नोंद करायची, असं विद्युत मंडल त्याने १९३०मध्ये बनवलं. एकटी नळी कशानेही वाजते. सगळ्या एकत्र वाजल्या तर ती साक्ष. पुढे इरिट्रियात त्याला लांब-लांब ठेवलेल्या नळ्याही एकत्र वाजताना आढळल्या, म्हणजे कणांची सर एकदम पडत होती. १९३८मध्ये पिएर ओजेने आल्प्समध्ये हे अंतर ३०० मीटरपर्यंत ताणलं, आणि सरींच्या शोधाचं श्रेय बहुतेक त्यालाच मिळालं. एका कणाचे हजारो होतात कसे, याचं गणित होमी भाभा आणि हाइटलर यांनी १९३७मध्येच मांडलं होतं.

दिशा काढायची युक्ती ऐरोलीच्या कुठल्याही गच्चीवर समजेल. खाडीवरून सर आली की आधी काठच्या इमारती भिजतात, मग पारसिकच्या पायथ्याच्या. कोण आधी भिजलं यावरून दिशा. फरक वेगाचा: ही सर जवळपास प्रकाशाच्या वेगाने येते. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात सरीतले कण टिपणारे शोधक आठ-आठ मीटरवर आहेत. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला जेमतेम २७ नॅनोसेकंद लागतात. सारा खेळ घड्याळाचा.

साधनं मात्र घरगुतीच. गॅलब्रेथ आणि जेली यांनी १९५२मध्ये इंग्लंडात हा निळसर उजेड पहिल्यांदा पकडला तो चक्क कचऱ्याच्या डब्यात आरसा बसवून. अर्जेंटिनातल्या ओजे वेधशाळेत तर पाण्याच्या टाक्याच आहेत, सोळाशेहून जास्त, दीड-दीड किलोमीटरवर. प्रत्येकीत १२ हजार लिटर शुद्ध पाणी आणि आत मिट्ट काळोख. पाण्यात प्रकाश मंदावतो, कण त्याला मागे टाकतो आणि उजेड पडतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतही तो पडत असणार; बघायला आत प्रकाशगुणक (अगदी मंद उजेडही टिपणारं उपकरण) नसतो, एवढंच.

ग्रेप्स-३मध्ये सरीतले म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड भारित कण) वेगळे मोजायला ३,७१२ नळ्या आहेत. १ डिसेंबर २०१४ला उटीवर ढग गडगडत असताना म्यूऑनची संख्या अचानक घटली. भारित म्यूऑनची ऊर्जा ढगातल्या विजेने बदलते, म्हणून त्या घटीवरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने ढगातला विद्युतदाब काढला: सुमारे १.३ अब्ज व्होल्ट.