लँडिंग आणि झोडिॲक क्रूझ: बोट एकच, फेऱ्या दोन

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या सहलीच्या कार्यक्रमात ‘रोज दोन फेऱ्या’ असं लिहिलेलं असतं. त्यातली एक लँडिंग असू शकते, दुसरी झोडिॲक क्रूझ. झोडिॲक नावाची रबरी बोट तीच, लाइफ जॅकेट तेच, त्यामुळे अनेकांचा घोळ होतो. लँडिंगमध्ये किनाऱ्यावर उतरायचं असतं. क्रूझमध्ये तास-दीड तास बोटीतच बसायचं. वसाहतीत जाऊन पेंग्विन बघायचे तर लँडिंग हवं, हिमनदीचा कडा मात्र बोटीतूनच चांगला दिसतो.

बुकिंगआधी जहाजाची प्रवासीसंख्या विचाराच. आयाटो या सहल कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांनुसार एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त १०० प्रवासी असू शकतात आणि ५०० हून अधिक प्रवासी असलेलं जहाज कुणालाच उतरवत नाही. २०० जणांच्या जहाजावर बहुधा निम्मे किनाऱ्यावर, निम्मे बोटीत आणि मग अदलाबदल.

लँडिंगची तयारी जहाजावरच सुरू होते. बुटांच्या तळव्यांतली माती, बॅगेच्या वेल्क्रोत अडकलेलं बी काढायचं, बूट जंतुनाशकात बुडवायचे. बोटीत चढताना-उतरताना खलाशाचा पंजा नाही, मनगटाच्या वरचा हात धरायचा; ओले हातमोजे पंजातून निसटतात. किनाऱ्याशी बोटीच्या कडेवर बसून पाय बाहेर वळवायचे आणि उथळ पाण्यात उतरायचं. वॉटरप्रूफ पँट बुटांच्या आत खोचली की बुटात पाणी शिरलंच म्हणून समजा.

पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं. तो जवळ आला तर आपण थांबायचं. बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसायला, गुडघे टेकायला, बॅग ठेवायलाही मनाई आहे. बर्फात पेंग्विनांच्या येण्याजाण्याने पडलेल्या पायवाटा तुडवायच्या नाहीत. आपला पाय खोल रुतला तर खड्डा लगेच बुजवायचा, नाहीतर पेंग्विन त्यात अडकतो. (विष्ठेच्या वासाचा उल्लेख कुठल्याच जाहिरातीत नसतो, पण वास भरपूर असतो.)

क्रूझमध्ये खरा त्रास थंडीचा. चालणं नाही, त्यामुळे लँडिंगपेक्षा एक थर जास्त घाला. बोट हलत असते, म्हणून कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/१००० च्या आसपास ठेवा. चालक हिमनदीच्या कड्यापासून कड्याच्या उंचीच्या कित्येक पट अंतर राखतो, आणि हिमनगाच्याही फार जवळ जात नाही, कारण तो अचानक उलटू शकतो. कडा कोसळलाच तर चालक बोटीचं नाक लाटेकडे वळवतो.

गंमत अशी की त्या लाटेचा धोका बोटीपेक्षा किनाऱ्यावर जास्त असतो. खोल पाण्यात ती नुसती उचलून खाली ठेवते. उथळ पाण्यात तीच उंच होऊन फुटते. अँडव्हर्ड उपसागरातल्या नेको हार्बरला जेंटू पेंग्विनांची वसाहत आणि तुटणारी हिमनदी समोरासमोर आहेत. तिथे उतरल्यावर पाण्याच्या कडेला फोटो काढत रेंगाळायचं नाही, सरळ वरच्या उंचवट्यावर जायचं. बर्फ तुटल्याचा आवाज आला की खाली उरलेल्यांनीही वर पळायचं, मोबाइल नंतर काढायचा.

किनाऱ्यावर लाटा जास्त असतील तर लँडिंग रद्द होऊन त्याऐवजी क्रूझ मिळते, आणि त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.